भर पावसातली ठिणगी: आंब्याच्या भुकटीच्या वाहिनीतील स्थिर विद्युतेचे एक प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरी तालुक्यातील एका फळप्रक्रिया कारखान्यातून मला बोलावणे आले, तेव्हा काम विजेच्या गळतीचे असल्याचे सांगण्यात आले होते. पॅकिंग विभागात आंब्याची भुकटी भरणाऱ्या कामगारांना आठवडाभर झटके बसत होते. त्यांच्यापैकी एक जण वाहिनीत, म्हणजे भुकटी हवेच्या जोराने वाहून नेणाऱ्या नळीत, अडकलेला माल मोकळा करण्यासाठी लोखंडी घोडीवर चढला असता झटक्याने दचकून मागे पडला आणि त्याच्या मनगटाचे हाड मोडले. कारखान्याच्या वायरमनने मोटारींच्या केबली, पॅनेल आणि गळती पकडणारे रिले दोनदा तपासले होते, एकदा तर संपूर्ण विभागाचा वीजपुरवठा तोडून फक्त ब्लोअर आणि माल सोडणारा व्हॉल्व्ह चालू ठेवला होता, आणि तरीही झटके थांबले नव्हते. कारखान्याचे नाव येथे देत नाही. तेथील मंडळींनी काहीही लपवले नाही आणि तपासासाठी यंत्रे बंद ठेवून स्वतःचे नुकसान सोसले, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

स्थिर विद्युतेचा विचार तोवर कोणाच्याही मनात आला नव्हता, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलैचा असतो. त्या दिवशी कार्यालयाच्या भिंतींना पाझर फुटला होता, वहीची पाने दमट होऊन एकमेकांना चिकटत होती, मिठाच्या बरणीत पाणी सुटले होते. स्थिर विद्युत म्हणजे कोरड्या हवेचा, थंडीत लोकरी कपडा काढताना होणाऱ्या तडतडीचा प्रकार, अशीच आपली समजूत असते आणि ती उघड्या हवेपुरती बरोबरही आहे. या प्रकरणाचा सगळा गुंता त्या समजुतीत होता. कोकणातली हवा दमट असते, परंतु भुकटी वाहते ती कोकणातल्या हवेत नव्हे, नळीतल्या हवेत.

भुकटीची वाट

हापूसचा हंगाम एप्रिल-मे असा जेमतेम दोन महिन्यांचा. त्या काळात काढलेला गर निर्जंतुक पिशव्यांत साठवायचा आणि पावसाळ्यात सवडीने त्याची भुकटी करायची, असे या कारखान्याचे वेळापत्रक आहे. गरात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी) मिसळून तो गरम हवेत फवारला जातो आणि तळाला दोन ते तीन टक्के ओलावा असलेली पिवळी, अत्यंत हलकी भुकटी मिळते. तिच्यातल्या साखरेमुळे ती हवेतला ओलावा आधाशासारखी शोषते. उघड्या ताटलीत ठेवलेल्या चमचाभर भुकटीचा तिथल्या पावसाळी हवेत अर्ध्या तासाच्या आत चिकट गोळा झालेला मी पाहिला. म्हणून पॅकिंगची खोली बंदिस्त आहे आणि तिथली सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते. वाहिनीत सोडली जाणारी हवाही आधी आर्द्रताशोषक यंत्रातून, मग ब्लोअरमधून आणि शेवटी कूलरमधून जाते.

वाहिनी ७५ मिलिमीटर आतील व्यासाच्या स्टेनलेस स्टीलच्या नळीची, सुमारे ३८ मीटर लांबीची, सहा वळणांची. तासाला ६०० किलो माल सेकंदाला २६ मीटर वेगाने तिच्यातून जातो आणि पॅकिंगच्या खोलीवरील बॅग फिल्टरच्या (कापडी पिशव्यांच्या गाळणीच्या) हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, पडतो. हॉपरखालच्या तोटीतून तो प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या २५ किलोच्या पोत्यांत भरला जातो. मूळ उभारणीत प्रत्येक फ्लँजवर (नळ्यांच्या बोल्टने आवळलेल्या जोडावर) तांब्याची जोडतार होती आणि तेव्हा कधी झटक्याची तक्रार नव्हती. मे महिन्याच्या दुरुस्तीत मात्र दोन बदल झाले. आंब्यानंतर फणसाची भुकटी घ्यायची तर वाहिनी धुवावी लागते, म्हणून फिल्टरच्या अलीकडचा दीड मीटरचा तुकडा चटकन निघावा यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना फ्लँजच्या जागी सिलिकॉनच्या स्लीव्ह आणि पट्टीचे क्लॅम्प बसवले. त्यानंतरचा शेवटचा दोन मीटरचा तुकडा पारदर्शक पीव्हीसी नळीचा केला, म्हणजे माल वाहतो आहे की नाही हे डोळ्यांनी दिसावे. दोन्ही बदल स्वच्छतेसाठी आणि सोयीसाठी होते, आणि त्या दृष्टीने ते चांगलेच होते.

कामगाराने केलेले निदान

मी पॅकिंगच्या खोलीत गेलो तेव्हा तिथे पंधरा-वीस वर्षे काम केलेले एक ज्येष्ठ कामगार होते. वायरमनने मला मेगरची (विद्युतरोधन मोजणाऱ्या यंत्राची) मापे दाखवायला सुरुवात केली होती, तेवढ्यात ते म्हणाले, “साहेब, लायटीचा झटका धरून ठेवतो. ह्यो चावतो नि सोडतो.”

मी त्यांना विचारले, “काका, झटका कधी बसतो? ब्लोअर चालू असला की प्रत्येक वेळी?”

“नाय. माल चालू असला का बसतो. नुसती हवा सोडली तर काय नाय.”

या दोन वाक्यांत निदान जवळपास पूर्ण झाले होते. मुख्य पुरवठ्याची गळती असती तर झटक्याला माल वाहतो की नाही याची पर्वा नसती. आणि पुरवठ्याचा प्रवाह स्नायूला आकसून धरतो, तर साठलेला विद्युत प्रभार एका क्षणात, सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात, निघून जातो. म्हणून तो चावून सोडतो. अशा कामात मी आजवर जी उपकरणे वापरली, त्यांच्यापेक्षा रोज तोटीशी उभ्या असणाऱ्या माणसाचे म्हणणे अधिक वेळा बरोबर निघाले आहे, आणि तपासाची सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे.

त्या संध्याकाळी पाळी संपल्यावर आम्ही खोलीतले दिवे मालवले, खिडक्यांवर गोणपाट टाकले आणि माल चालू केला. डोळे अंधाराला सरावल्यावर पहिली गोष्ट कळली ती कानांनी. सिलिकॉनच्या दोन स्लीव्हच्या मधोमध असलेल्या त्या दीड मीटरच्या तुकड्यापाशी ‘टक्’ असा आवाज यायचा, मग आठ-दहा सेकंद शांतता, मग पुन्हा ‘टक्’. टाळ्या मोजाव्यात इतका तो नियमित होता. जवळ जाऊन पाहिले तेव्हा नळी आणि तिच्याखालचा लोखंडी आधार यांच्यामधल्या साधारण पाच मिलिमीटरच्या फटीत प्रत्येक आवाजाबरोबर एक निळसर पांढरी रेघ चमकून जात होती. मालाचा रोटरी व्हॉल्व्ह बंद केला, तेव्हा आणखी एक ‘टक्’ झाला आणि मग काही नाही. ब्लोअर चालूच होता. वायरमन बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने खिशातला टेस्टर काढून बाजूला ठेवला.

आठ-दहा सेकंदांचा हिशेब

भुकटीचा कण नळीच्या भिंतीवर आपटतो आणि सुटतो, तेव्हा दोघांच्या पृष्ठभागांमध्ये प्रभाराची देवघेव होते. कणाकडे एका चिन्हाचा प्रभार जातो आणि भिंतीवर तेवढाच विरुद्ध चिन्हाचा उरतो. एका आपटण्यात होणारी देवघेव नगण्य असते. परंतु सहा वळणे, सेकंदाला २६ मीटरचा वेग आणि कणांची अगणित संख्या यांचा गुणाकार मोठा होतो. भुकटी हाताळण्याच्या वेगवेगळ्या क्रियांत एका किलोमागे किती प्रभार तयार होतो याचे ढोबळ पट्टे या क्षेत्रातील मार्गदर्शक मानकांत दिलेले आहेत: चाळताना तो मायक्रोकूलोमच्या (प्रभाराच्या एककाच्या) हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, ओतताना फार तर दहाव्या भागापर्यंत जातो, आणि हवेने नळीतून वाहून नेताना तो ०.१ पासून १,००० मायक्रोकूलोमपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे रोजच्या क्रियांमध्ये वायुवहन हीच सर्वांत जोरकस प्रभार-निर्मिती आहे.

आपण या पट्ट्यातला एक मध्यम आकडा, किलोला १० मायक्रोकूलोम, धरू. तासाला ६०० किलो म्हणजे सेकंदाला किलोचा सहावा भाग. तेव्हा वाहिनी आणि भुकटी यांच्यात सेकंदाला सुमारे १.७ मायक्रोकूलोम प्रभार वेगळा होतो, म्हणजेच १.७ मायक्रोअँपियरचा प्रवाह. हा प्रवाह इतका क्षुल्लक आहे की साध्या मल्टिमीटरला तो धड दिसणारही नाही. त्याचा दहावा भाग त्या दीड मीटरच्या तुकड्याच्या वाट्याला आला असे समजू. दोन्ही बाजूंनी सिलिकॉनने तोडलेला हा तुकडा जमिनीशी कुठेच जोडलेला नाही आणि त्याची धारकता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, सुमारे १०० पिकोफॅरड आहे. भागाकार केला की व्होल्टेज सेकंदाला सुमारे १,७०० व्होल्टने चढते. हवा साधारण एका मिलिमीटरला ३,००० व्होल्ट या दराने फुटते, तेव्हा पाच मिलिमीटरची फट ओलांडायला १५,००० व्होल्ट लागतील आणि तिथवर पोहोचायला नऊ सेकंद. अंधारात ऐकलेल्या त्या ‘टक्’चे अंतर आठ-दहा सेकंदांचे होते. मूळ आकडे गृहीत धरलेले असल्याने या जुळणीला पुरावा म्हणता येणार नाही, पण घडते आहे ते कोणत्या मापाचे आहे हे त्यातून कळते.

आता ऊर्जा. १०० पिकोफॅरडवर १५,००० व्होल्ट म्हणजे सुमारे ११ मिलिज्यूल. साखर आणि स्टार्च यांच्या जातीच्या बारीक धुळीचा ढग पेटवायला साधारण काही दहा मिलिज्यूल लागतात. धूळ जितकी बारीक आणि कोरडी, तितका हा आकडा खाली येतो. फट पाचऐवजी आठ मिलिमीटर असती, तर तुकडा २४,००० व्होल्टपर्यंत चढला असता आणि ठिणगी जवळजवळ २९ मिलिज्यूलची झाली असती, कारण ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती फट योगायोगाने लहान होती एवढ्यावर बरेच काही अवलंबून होते. आम्ही पाहिलेली ठिणगी नळीच्या बाहेर, स्वच्छ हवेत पडत होती. पण तोच तुकडा आणि शेजारची जोडलेली नळी यांच्यामध्ये स्लीव्हच्या आतल्या बाजूलाही फट असते, आणि तिथे धूळच असते. सेंद्रिय धुळीच्या अनेक प्रकारांत घनमीटरला ३० ते ६० ग्रॅमपासून पुढे ढग स्फोटक होतो. फिल्टरच्या पिशव्या झटकल्या जातात त्या क्षणी हॉपरमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

फळाची भुकटी स्फोट करू शकते हे तिथे अनेकांना पटत नव्हते. मी त्यांना ट्यूरिनचा दाखला दिला. १४ डिसेंबर १७८५ रोजी तिथल्या एका बेकरीच्या कोठारात पिठाच्या ढगाचा स्फोट झाला आणि काउंट मोरोझो यांनी त्याचा जो वृत्तांत लिहिला तो धुळीच्या स्फोटाचा सर्वांत जुना तपशीलवार अहवाल मानला जातो. तिथे पेट दिव्याने घेतला, स्थिर विद्युतेने नव्हे. परंतु मोरोझो यांनी एक गोष्ट मुद्दाम नोंदवली होती: त्या प्रदेशात पाच-सहा महिने पाऊस नव्हता आणि पीठ विलक्षण कोरडे होते. रत्नागिरीच्या या कारखान्यात बाहेर पाऊस कोसळत असताना आम्ही खर्च करून, यंत्रे लावून, भुकटीला तोच कोरडेपणा आणून दिला होता.

नळीतला दुष्काळ

हा कोरडेपणा किती, हे मोजून सांगणे आवश्यक वाटते. आर्द्रताशोषक यंत्रातून निघणाऱ्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो) ५ अंश सेल्सिअस होता. ब्लोअरने ती १.४ पट दाबली आणि कूलरमधून ती ३५ अंशांवर बाहेर आली, तेव्हा वाहिनीच्या आरंभी सापेक्ष आर्द्रता सुमारे २२ टक्के होते. पुढे नळीत दाब उतरत जातो तशी आर्द्रताही उतरते, आणि फिल्टरपाशी वातावरणाच्या दाबाला ती १५ टक्क्यांवर येते. कणाच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर धरून प्रभार वाहून जायला बहुतेक भुकट्यांना ६० ते ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. अवघ्या २० सेंटिमीटर भिंतीच्या अलीकडे ९० टक्के आणि पलीकडे, नळीच्या आत, १५ टक्के, अशी ती परिस्थिती होती.

ज्यांच्याकडे आर्द्रताशोषक यंत्र नाही त्यांनीही निश्चिंत राहू नये, म्हणून एक हिशेब जोडतो. २८ अंश तापमानाची आणि ८५ टक्के आर्द्रतेची ऐन पावसाळ्यातली हवा साध्या ब्लोअरने अर्ध्या बारने दाबली आणि ती ८० अंशांपर्यंत तापली, तर त्या क्षणी तिची सापेक्ष आर्द्रता फक्त १० टक्क्यांच्या आसपास असते. पाणी तेवढेच असते, पण गरम हवेची तहान कितीतरी वाढलेली असते. थंड करून कोरडी केलेली ७ बारची कॉम्प्रेसरची हवा वातावरणात सोडली, तर ३० अंशांना ती २ टक्क्यांच्या आसपास उतरते. किनाऱ्यावरचा कुठलाही कारखाना भुकटी हवेने वाहत असेल, तर त्याच्या नळीत बारा महिने उन्हाळा असतो.

पारदर्शक नळी आणि तांब्याची तार

झटके सुरू झाल्यावर कोणीतरी सुचवल्यावरून पारदर्शक पीव्हीसी नळीभोवती बाहेरून तांब्याची उघडी तार सर्पिलाकार गुंडाळून ती आधाराच्या लोखंडाला बांधलेली होती. हा उपाय अनेक ठिकाणी पाहायला मिळतो. त्याने बाहेरून हात लावणाऱ्याला बसणारा झटका कमी होतो, म्हणून तो लागू पडला असे वाटते. नळीच्या आतल्या पृष्ठभागावरचा प्रभार मात्र तिथेच राहतो, कारण पीव्हीसीच्या भिंतीतून तो तारेपर्यंत येऊच शकत नाही.

मी ती नळी उतरवून खिडकीच्या उजेडात धरली. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे माल आपटतो तिथे, टाचणीच्या टोकाएवढी सात छिद्रे होती. त्यांच्या कडा तपकिरी, किंचित वितळलेल्या होत्या आणि प्रत्येक छिद्राच्या बाहेर पिवळ्या भुकटीचा मोहरीएवढा पुंजका जमला होता. सातपैकी पाच छिद्रे नेमकी तांब्याच्या तारेखाली होती. ही झीज नव्हती. झिजलेली जागा पसरट आणि गुळगुळीत असते. आतला प्रभार इतका साठला होता की त्याने नळीची भिंत फोडून तारेपर्यंत वाट काढली होती.

याचे महत्त्व थोडे समजावून सांगावे लागेल. पातळ विसंवाहक भिंतीच्या एका बाजूला प्रभार आणि दुसऱ्या बाजूला जमिनीशी जोडलेला सुवाहक असला, की ती रचना एखाद्या धारित्रासारखी (कपॅसिटरसारखी) वागते आणि उघड्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी अधिक प्रभार धरून ठेवते. भिंत फुटली की दूरवरच्या पृष्ठभागावरचा प्रभार त्या एका बिंदूकडे झाडाच्या मुळांसारख्या तेजस्वी रेषांनी धावत येतो. पसरत जाणारे ब्रश विसर्जन म्हणतात ते हेच, आणि त्याची ऊर्जा एक ज्यूल किंवा त्याहून अधिक असू शकते, म्हणजे आधी हिशेबलेल्या ठिणगीच्या शंभरपट. तार उघडी आणि विरळ गुंडाळलेली असल्यामुळे येथे ते पूर्ण रूपात झाले नसावे असा माझा अंदाज आहे. पण त्या सात छिद्रांकडे पाहिल्यावर कारखान्याच्या व्यवस्थापकांनी कोणतीही चर्चा न करता वाहिनी बंद करण्याचा आदेश दिला, आणि तो निर्णय योग्य होता.

माणूस हाही एक तुटलेला तुकडा

तक्रार एक दिसत असली, तरी झटके दोन जातींचे होते हे येथवर लक्षात आले. घोडीवरून पडलेल्या कामगाराला तो सुटा तुकडा चावला होता. पोती भरणाऱ्यांना मात्र कोणतेही यंत्र चावत नव्हते. त्यांच्या स्वतःच्या शरीरावर प्रभार साठत होता आणि हॉपरच्या जोडलेल्या तोटीला बोट लागताच तो निघून जात होता. प्रभारित भुकटी प्लॅस्टिकच्या अस्तरात पडते, तिच्याजवळ उभ्या माणसाच्या अंगावर प्रभार येतो, आणि तो जमिनीत जायला वाट लागते. पावसाळा म्हणून प्रत्येकाच्या पायात रबरी गमबूट होते, आणि जमिनीवर इपॉक्सीचा चकचकीत थर होता. जमिनीपासून इतका तोडलेला माणूस एरवी क्वचितच आढळेल.

माणसाची धारकता १०० ते २०० पिकोफॅरड असते. दोन-तीन हजार व्होल्टपर्यंत त्याला काहीच जाणवत नाही. १०,००० व्होल्टला साडेसात मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा बोटाच्या टोकातून जाते आणि तो हात झटकन मागे घेतो. या झटक्याने शरीराला थेट इजा होत नाही, असे सांगून अनेक ठिकाणी तक्रार बाजूला ठेवली जाते. मोडलेले मनगट झटक्याने मोडले नव्हते हे खरे, पण झटका नसता तर ते मोडले नसते.

सड्यावरचे अर्थिंग

कारण मान्य झाल्यावर वायरमनची खरी काळजी बाहेर आली. “साहेब, आपला सगळा कातळ. खड्ड्याला कितीही मीठ-कोळसा घातला तरी रीडिंग उतरत नाही.” जांभ्याच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) भूसंपर्काचा रोध खाली आणणे खरोखरच अवघड असते, आणि उन्हाळ्यात तर तो आणखी चढतो. तिथल्या खड्ड्याचे माप त्या दिवशी १८ ओहम आले. विजेच्या पुरवठ्यासाठी आणि आकाशातल्या विजेपासून संरक्षणासाठी हा आकडा महत्त्वाचा आहे आणि त्यावर वेगळे काम करावे लागेल, हे मी त्याला सांगितले. स्थिर विद्युतेसाठी मात्र कातळाचे भय बाळगण्याचे कारण नाही. आपला प्रवाह १.७ मायक्रोअँपियरचा आहे. तो दहा लाख ओहममधून गेला तरी व्होल्टेज दोन व्होल्टही होत नाही. म्हणूनच मार्गदर्शक मानकांत स्थिर विद्युतेच्या वाटेची कमाल मर्यादा एक मेगाओहम दिलेली आहे, आणि धातूच्या भागांसाठी १० ओहमची जी कसोटी लावली जाते ती जोडणी सैल किंवा गंजलेली नाही ना, हे ओळखण्यासाठी.

अडचण खड्ड्यात नव्हती, तर खड्ड्यापर्यंत पोहोचण्याच्या साखळीत होती. आम्ही वाहिनीचा प्रत्येक सुटा भाग मोजला. सिलिकॉनच्या मधल्या तुकड्याचे माप मेगरवर अनंत आले. फिल्टरच्या आतल्या बारा तारेच्या सांगाड्यांपैकी तीन, पिशवीच्या कापडावर नुसते टेकलेले असल्याने, जमिनीपासून पूर्ण तुटलेले होते. आणि ज्या दोन फ्लँजवर मूळची जोडतार शाबूत दिसत होती, त्यांपैकी एकीचे माप ४० मेगाओहमच्या वर गेले. नखाने खरवडून पाहिले तेव्हा उलगडा झाला: पावसाआधीच्या रंगरंगोटीत क्लॅम्प सोडवून, नळीला राखाडी इपॉक्सी रंगाचे दोन हात देऊन, तो क्लॅम्प वाळलेल्या रंगावर पुन्हा आवळला होता. तार होती, नट होता, वॉशर होता. फक्त धातूला धातू लागत नव्हता. खाऱ्या वाऱ्यात गंज टाळण्यासाठी केलेले हे चोख काम होते, म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांत आले नव्हते.

काय केले आणि काय केले नाही

सिलिकॉनच्या स्लीव्ह काढल्या नाहीत, कारण धुण्याची गरज खरी होती. मधल्या तुकड्यावर स्टेनलेसचे खुंट वितळजोड (वेल्डिंग) करून कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी तो दोन्ही शेजाऱ्यांशी जोडला. नुसते तांबे या हवेत दोन पावसाळ्यांत हिरवे पडते. पीव्हीसी नळीच्या जागी प्रभार वाहू देणाऱ्या द्रव्याची आणि भिंतीत तारेचे सर्पिल असलेली नळी घेतली, आणि ते सर्पिल दोन्ही टोकांना उघडे करून क्लॅम्पखाली धातूला लावले. अशा नळीची तार एका टोकाला जरी सुटली, तरी पुढचे वेटोळे हा एक लांब, तुटलेला सुवाहक होतो, आणि मग तार नसलेली नळी परवडली अशी स्थिती येते. म्हणून दोन्ही टोके स्वतंत्र मोजण्याचा आग्रह धरला. फिल्टरचे सांगाडे वरच्या पत्र्याशी जोडले. पॅकिंगवर गमबुटांऐवजी प्रभार वाहू देणारी पादत्राणे आली आणि दाराशी ती तपासण्याचे यंत्र लागले; १० कोटी ओहमच्या वर माप गेले तर त्या पायांनी आत जायचे नाही. इपॉक्सीची जमीन तोटीपुरती खरवडून तिथे धातूची जाळी जमिनीशी जोडून बसवली.

हवेचा वेगही कमी केला. प्रभाराची निर्मिती वेगाबरोबर झपाट्याने वाढते, त्यामुळे २६ मीटरची गरज खरोखर आहे का हे तपासणे भाग होते. वेग फार उतरवला तर आडव्या नळीत माल तळाला बसतो आणि वाहिनी तुंबते. म्हणून दर तासाला एक मीटर असा तो उतरवत, दाबमापकाच्या काट्याची थरथर पाहत आम्ही १९ मीटरवर थांबलो. भुकटीचे तुटणेही त्यामुळे कमी झाले, हा अनपेक्षित लाभ.

हवा दमट करण्याची सूचना एका बैठकीत आली आणि ती मी लगेच नाकारली. ज्या मालासाठी हवा कोरडी केली, तोच माल त्याने गोळा होऊन वाया गेला असता. भुकटीचा स्वतःचा प्रभार या सर्व उपायांनी नाहीसा होत नाही, हेही मी लेखी दिले. जोडलेल्या स्टीलच्या नळीतूनही भुकटी प्रभारित होऊनच बाहेर पडते; जोडणीने जातो तो नळीवरचा प्रभार. या आकाराच्या हॉपरमध्ये भुकटीच्या ढिगावरून होणारे विसर्जन या मालाच्या दृष्टीने दुबळे ठरते, म्हणून तो धोका स्वीकारार्ह मानला. मोठ्या कोठारात तेच गृहीतक धरता आले नसते. फिल्टरला स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप नव्हती आणि ती बसवून तिचे तोंड इमारतीबाहेर काढावे, अशी शिफारस केली. ठिणगीची वाट बंद केली म्हणून स्फोटाची सोय नको, हा युक्तिवाद मला मान्य नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३७ ने स्फोटक धुळीबाबत धूळ कोंडणे, ती काढून टाकणे आणि पेट घेण्याची कारणे दूर करणे या गोष्टी मागितल्या होत्या, आणि स्थिर विद्युतेच्या नियंत्रणासाठी भारतीय मानक ७६८९ उपलब्ध आहे. कारखान्याच्या सुरक्षा वहीत या दोहोंचा उल्लेख तोवर नव्हता. झडप हंगाम संपल्यावर दिवाळीच्या सुट्टीत बसली.

बदलांनंतर पहिल्या रात्री पुन्हा दिवे मालवून आम्ही तासभर उभे राहिलो. माल वाहण्याची सळसळ आणि पत्र्यावरचा पाऊस, याशिवाय काही ऐकू आले नाही. काकांनी तोटीला तळहात लावला, काढला, पुन्हा लावला आणि मान हलवली.

पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तपासणीसाठी गेलो. बेचाळीस जोडण्यांपैकी एकेचाळीस १० ओहमच्या आत होत्या. उरलेल्या एकीचे माप लागेना. ती फिल्टरच्या मागच्या बाजूला, भिंतीआड होती, आणि तिच्या क्लॅम्पखाली राखाडी रंगाचा ताजा थर होता. तेव्हापासून तिथल्या रंगकाम कंत्राटाच्या पहिल्या पानावर एक ओळ छापलेली असते: काम सुरू करण्यापूर्वी बेचाळीसही जोडण्यांवर चिकटपट्टी लावावी, आणि काम संपल्यावर वायरमनने ती स्वतः काढून प्रत्येक जोडणीचे माप वहीत लिहावे.